टेकडीखालचं पाणी

सांतलुओतो, १२ मार्च १९९८

प्रिय ओइवा,

नाताळच्या कार्डाचं उत्तर आलं नाही, म्हणजे ते पोचलं आणि तुझा राग अजून उतरलेला नाही, असं मी धरून चालते. फोन केला तर दुसऱ्या वाक्याला तू ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. शिवाय आज मी बहीण म्हणून लिहीत नाही, कंपनीची भूगर्भतज्ज्ञ म्हणून लिहिते आहे, तेव्हा दुप्पट चिडायला हरकत नाही.

आपल्या घरामागच्या कार्हुकाल्लिओ टेकडीत आम्हाला भोकं पाडायची आहेत. टेकडी तुझ्या नावावर आहे, म्हणून तुझी परवानगी लागते.

कारण सांगते. अणुवीज केंद्रात वापरून झालेलं इंधन इथे समुद्रकाठी खडकात खोल पुरायचं चाललं आहे, हे तुला माहीत आहेच. लोक विचारतात, लाख वर्षं ते तिथेच राहील कशावरून? लाख वर्षांचा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत होणार? पण निसर्गाने तो करून ठेवला आहे. ज्या टेकडीवरून आपण दोघं फळकुटावर बसून घसरायचो, तिच्या पोटात युरेनियम आहे. दीड अब्ज वर्षांहून जास्त काळ ते तिथे पडून आहे. त्याला डबा नाही, झाकण नाही, राखणदार नाही. ते जागचं हललं का, पाण्यातून कुठवर गेलं, एवढंच आम्हाला बघायचं आहे. ते उघडंवाघडं असून हललं नसेल, तर तांब्याच्या जाड डब्यात घालून चिकणमातीत लपेटलेला आमचा कचरा का हलेल?

हो म्हण. भोकं पाडायला येणारी आमची पोरं भली आहेत, कुंपण मोडणार नाहीत.

रीत्ताला सातवा महिना लागला असेल. तिला सांग, केर्त्तूआत्या मोजे विणते आहे, एक पूर्ण झाला आहे आणि तो जरा लांबुडका आहे.

तुझी,
केर्त्तू

•

ओयालाम्पी, २३ मार्च १९९८

केर्त्तूबाई यांस,

तुमचा हिशेब फारच सोपा आहे. टेकडीत युरेनियम आहे आणि आम्ही मेलो नाही, सबब तुम्ही हवं ते हवं तिथे पुरा. उद्या म्हणशील, रानात अस्वल असतंच, मग घरात एक पाळायला काय हरकत आहे!

टेकडी कुणी ट्रकमध्ये घालून इथे आणलेली नाही. तिच्यापायी कुणी गावाला नवं सभागृह बांधून देऊन लोकांची तोंडं गोड केली नाहीत. ती बसली आहे आपली. तुमचा कचरा माणसाने केला, माणूस तो पुरणार आणि काही बिघडलं तर माणूसच हात झटकणार. दोन्ही एका तराजूत घालू नकोस.

मला यातलं काय कळतं म्हणशील. मला हेल्वी कळते. जन्मात तिने सिगारेट ओठाला लावली नाही आणि गेली फुफ्फुसाच्या कॅन्सरने. तीन वर्षं होतील आता. शहाऐंशी साली तिकडची अणुभट्टी फुटली आणि ढग आपल्यावर आला, त्या पावसात ती अंगणात सतरंज्या झटकत उभी होती. कसला पाऊस होता ते आम्हाला तो पडून गेल्यावर कळलं. डॉक्टर काय हवं ते म्हणोत, मला माहीत आहे ती कशाने गेली.

त्याच उन्हाळ्यात मी बाबांची विहीर दगडांनी बुजवून टाकली, आठवतं? तू तेव्हा परदेशात शिकत होतीस. पावसाचं पाणी झिरपून येणारी विहीर, कोण पिणार ते? यंत्र आणवून टेकडीच्या पायथ्याशी सरळ खडकात खोल बोअर मारून घेतली. ढगाचा बापही तिथवर पोचत नाही. आज गावात माझ्या पाण्यासारखी कॉफी कुणाकडे होत नाही, पाद्रीसुद्धा म्हणतो. माझं घर वाचलं ते या बोअरने.

तरी हो म्हणतो. टेकडी माझ्या बाजूने साक्ष देईल याची मला खात्री आहे. अट एकच. तिच्या पोटातून जे काही निघेल ते आधी मला सांगायचं, कंपनीला मागाहून.

रीत्ता ठीक आहे. नवरा कॅनडाला गेला तो गेलाच, त्याचा विषय काढू नकोस.

ओइवा

•

सांतलुओतो, ४ एप्रिल १९९८

प्रिय ओइवा,

अट मान्य. आधी तुला सांगेन. बहीण म्हणून शब्द देते.

आता तुझ्या तराजूबद्दल. किरणाला माहीत नसतं की आपण ट्रकमधून आलो की टेकडीतून. खडकालाही नसतं. भट्टीतून निघालेला कचरा सुरुवातीला टेकडीतल्या युरेनियमपेक्षा किती तरी पटीने जहाल असतो, हे मी कधीच नाकारलं नाही. पण तो निवत जातो. काही लाख वर्षांनी तो तुझ्या टेकडीइतकाच उरतो. आम्हाला सांभाळायचा आहे तो मधला काळ, आणि तो फार मोठा आहे, हेही कबूल. त्यासाठीच डबा, त्यासाठीच चिकणमाती, त्यासाठीच एवढं खोल. तुझ्या टेकडीभोवती मात्र साधं कुंपण नाही. तू तिच्यावर मशरूम वेचतोस. मग घाबरायचं कुणाला?

हेल्वीबद्दल मी वाद घालणार नाही. ती मला वहिनीपेक्षा मैत्रीण जास्त होती.

पोरं बर्फ वितळला की येतील. खडकाच्या कांड्या काढतील आणि आसपासच्या प्रत्येक पाण्याच्या बाटल्या भरतील, तळ्याच्या, झऱ्याच्या, तुझ्या बोअरच्याही. रीत आहे ती, मनावर घेऊ नकोस.

दुसरा मोजा पहिल्याहून आखूड झाला आहे.

केर्त्तू

•

ओयालाम्पी, १९ मे १९९८

केर्त्तू,

मुलगी झाली! वेन्ला नाव ठेवायचं ठरलं आहे. केस काळे आणि आवाज आपल्या आईचा, म्हणजे सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा. रात्री मीच घेऊन फिरतो. हेल्वी असती तर मला हात लावू दिला नसता.

तुझी पोरं येऊन गेली. चांगली आहेत, उगीच का खोटं बोलू. पहिल्या आठवड्यात रोज ओट्यावर बसून माझी कॉफी ढोसली, रीत्ताने केलेले वेलचीचे पाव फस्त केले आणि पाण्याची तारीफ केली. काल परत आले नमुने न्यायला, तर प्रत्येकाच्या हातात आपापला थर्मास. या म्हटलं आत, तर म्हणे घाई आहे. तुमच्या कंपनीत माणसाला कॉफी प्यायचीही उसंत देत नाहीत का? मी लाकूडगिरणीत उभा जन्म काढला, पण कॉफीची सुट्टी कुणाच्या बापाने कापली नाही. वरून सगळ्यांत धाकटा माझ्या नजरेला नजर देईना. खडूस करून सोडता तुम्ही पोरांना.

रीत्ताला दूध पुरत नाही, म्हणून वेन्लाला बाटलीचं चालू आहे. भुकटी दुकानातली, पाणी आपलं. रीत्ता ते दोन-दोनदा उकळते. मी म्हणतो, खडकातलं पाणी उकळायचं म्हणजे साबण धुऊन घेण्यासारखं आहे, पण ती ऐकत नाही.

बारसं योहान्नुसच्या, म्हणजे जूनमधल्या सणाच्या शनिवारी आपल्या घरीच. धर्ममाता तू. आपल्याकडच्या चालीप्रमाणे बाळाच्या डोक्यावर घालायचं पाणी घरचंच, आपल्या बोअरचं, आजीच्या काचेच्या वाडग्यात. मी स्वतः भरणार आहे.

आणि टेकडी काय म्हणते? माझ्याकडे अजून काही आलं नाही.

ओइवा

•

सांतलुओतो, ३ जून १९९८

प्रिय ओइवा,

वेन्लाच्या बातमीने फार आनंद झाला. मी नक्की येते.

निकाल अजून पुरते हाती आलेले नाहीत. काही तपासण्या पुन्हा कराव्या लागताहेत. वेळ लागतो अशा कामाला.

एक सुचवते, रागावू नकोस. इतक्या लहान बाळाच्या दुधाला दुकानातलं बाटलीबंद पाणी बरं, असं इथले बालरोगतज्ज्ञ हल्ली सांगतात. खडकाच्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्या कोवळ्या पोटाला जड जातात. उकळल्याने क्षार जात नाहीत. मी येताना गाडीतून भरपूर घेऊन येईन, तोवर रीत्ताने गावातून आणावं. नक्की आणावं. बारशाच्या पाण्याचंही पाद्रीबुवांनाच सांगू या का? चर्चमधून आणतील ते, त्यात वाईट काय?

आणि तळघराच्या खिडक्या हेल्वीच्या आजारपणात तू थंडी नको म्हणून पक्क्या बंद करून घेतल्या होत्यास, त्या आता उघड. घरात हवा खेळू दे. सौनाच्या वाफेतही फार वेळ बसत जाऊ नका.

मोजे जुळले एकदाचे.

केर्त्तू

•

ओयालाम्पी, २९ जून १९९८

केर्त्तू,

तू गेल्यावर आठ दिवस मी गप्प बसलो, कारण लगेच लिहिलं असतं तर कागद जळला असता.

बहीण भाचीच्या मुलीच्या बारशाला येते आणि गाडीतून काय उतरवते? पाण्याचे कॅन! सगळ्या पाहुण्यांसमोर! शेजारचा पेंत्ती मला विचारतो, काय ओइवा, बोअर आटली का? माझ्या घरी, माझ्या पाण्यावर! पाद्र्याला तू आधीच फोन करून ठेवला होतास हे मला तो चर्चची बाटली पिशवीतून काढायला लागला तेव्हा कळलं. मी भरलेला आजीचा वाडगा तू स्वयंपाकघरात नेऊन ओतलास. मी दारातून पाहिलं.

आणि कॉफी. पहिला कप तुझ्यापुढे ठेवला, धर्ममातेचा मान म्हणून. तू तो हातात धरून बसलीस आणि गार झाल्यावर खिडकीत ठेवून दिलास. आपल्या आईने परक्या फेरीवाल्याकडचीही कॉफी कधी अशी टाकली नव्हती. समुद्रकाठी राहून तुम्ही फार मोठे झालात, हे मला कळत होतं, पण इतके?

रीत्ता संध्याकाळी रडली. म्हणाली, आत्याला वाटतं मला मूल सांभाळता येत नाही. तू दिलेले कॅन तिने तुझ्या धाकाने आठवडाभर वापरले. ते संपले. आता परत आपलं पाणी. पोर झकास पिते आहे आणि वजनही वाढलं आहे.

टेकडीचा निकाल अजून आला नसेल तर येऊ नये म्हणून कुणी तरी बसलंय त्याच्यावर. मला वाटतं, टेकडीने तुमच्या विरुद्ध साक्ष दिली आहे आणि तुला ते सांगायची लाज वाटते आहे. तसं असेल तर सांग. मी चिडवणार नाही.

ओइवा

•

सांतलुओतो, १६ ऑगस्ट १९९८

प्रिय ओइवा,

कॅनबद्दल क्षमा माग म्हणालास तर मागते. आणखी पाठवले आहेत, मालवाहू गाडीने. कृपा कर आणि ते वापरा. माझ्यासाठी म्हणून वापरा. वाटलं तर मला शिव्या देत वापरा.

टेकडीने आमच्या विरुद्ध साक्ष दिलेली नाही. खोलात, जिथे हवा पोचत नाही तिथे, युरेनियम होतं तिथेच आहे, दाणाभरही हललेलं नाही. आमचे लोक खूष आहेत. फक्त वरच्या थरात, जिथे माणसाने खडक फोडला किंवा हवापाणी आत शिरलं, तिथली गोष्ट जरा वेगळी आहे. ते सगळं मी तुला नीट समजावून सांगणार आहे. अहवाल शरदात छापून येईल, तोवर आम्हाला बाहेर बोलायची परवानगी नाही. बाहेर म्हणजे तूही, असं वरचे म्हणतात.

हेल्वीबद्दलही मला तुझ्याशी बोलायचं आहे. पत्रात नको. समोरासमोर.

रीत्ताला आणि वेन्लाला हिवाळाभर माझ्याकडे पाठव ना. माझी मागची खोली रिकामीच आहे. रीत्ताला इथे कामही मिळेल. मी तुझ्या पाया पडते, पाठव.

केर्त्तू

•

ओयालाम्पी, २ सप्टेंबर १९९८

केर्त्तू,

आता समजलं. स्वतःला मूलबाळ झालं नाही, म्हणून माझं घर रिकामं करायचं आहे. हेल्वीचं नाव पुढे करून! मी इथे एकटा भिंतींशी बोलत बसू आणि वेन्ला तुमच्या भुयाराच्या तोंडाशी वाढू दे, असंच ना?

रीत्ता कुठेही जाणार नाही. कॅन आले. पेंत्तीच्या गाईंना दिले.

ओइवा

•

ओयालाम्पी, २७ सप्टेंबर १९९८

केर्त्तू,

गुरुवारी मी सांतलुओतोला आलो होतो.

पेपरात तुमच्या सभेची जाहिरात होती, सर्वांना प्रवेश, कॉफीसह. म्हटलं, जाऊन एकदा तोंडावर विचारावं. प्रश्न खिशात लिहून आणला होता. तुला सांगितलं नाही, कारण तू स्टेशनवर न्यायला आली असतीस आणि मला जेवू घालून नरम केलं असतंस. मागे कोट टांगतात तिथे खांबाआड बसलो. तू निळा कोट घातला होतास, हेल्वीने शिवलेला. मला बरं वाटलं ते पाहून. चांगली बोललीस. तांब्याचा डबा, चिकणमाती, सगळं शाळेतल्या मास्तरणीसारखं सोपं करून. माझ्याच मनात आलं की पोरगी हुशार निघाली.

मग त्या लाल टोपीवाल्या बाईने विचारलं, डबे फुटून ते आमच्या विहिरीत आलं तर? आमच्या लेकरांनी ते प्यायलं तर?

तू हसलीस. म्हणालीस, मला समुद्रापासून दूर, आतल्या एका गावचं एक कुटुंब माहीत आहे. त्यांची बोअर सरळ नैसर्गिक युरेनियमच्या खडकात आहे. आमचे सगळे डबे फुटले, सगळी चिकणमाती वाहून गेली, तरी तुमच्या विहिरीत जेवढं येईल त्याच्या किती तरी पट युरेनियम ते लोक रोज कॉफीतून पितात, आणि बारा वर्षं पीत आले आहेत. धडधाकट आहेत. नुकतंच त्यांच्या घरी एक गोंडस बाळही आलं आहे.

लोक हसले. त्या बाईलाही हायसं वाटलं. मीसुद्धा अर्धवट हसलो असेन. कोण बिचारे ते, म्हणून. आणि मग तू म्हणालीस की त्यांच्या कॉफीची चव गावात नावाजलेली आहे.

प्रश्न खिशातच राहिला. बाहेर येताना एका मुलीने कप पुढे केला. मी तिला विचारलं, हे पाणी तपासलेलं आहे का? ती म्हणाली, हो काका, दर महिन्याला. मी तो कप उभ्याने प्यालो आणि रेल्वेत बसलो.

शुक्रवारी शहरात आरोग्य खात्याच्या माणसाला गाठलं. त्याला खोटं बोलायला वेळ नव्हता, त्यामुळे त्याने भराभर सांगितलं. उकळल्याने युरेनियम जात नाही. त्याने मूत्रपिंड बिघडतं, मोठ्याचं बिघडेलच असं नाही, लहानाचं सांगता येत नाही. आणि पाण्यात दुसरा एक वायू असतो, रेडॉन. तो मात्र पाणी तापवलं की निघून जातो. कुठे जातो, मी विचारलं. तो म्हणाला, घरात. न्हाणीत. सौनामध्ये सगळ्यांत जास्त. आणि तो श्वासातून फुफ्फुसात जातो.

दर शनिवारी तापलेल्या दगडांवर पाणी कोण टाकायचं, केर्त्तू? सगळ्यांच्या शेवटी बाहेर कोण यायचं? तू तिच्या शेजारी बसायचीस, तुला माहीत आहे.

मी त्याला विचारलं, माझी बायको यानेच गेली का? तो म्हणाला, कुणीच सांगू शकणार नाही. ढगाने असेल, तळघरातून वर येणाऱ्या हवेने असेल, बोअरने असेल, कशानेच नसेल. मी म्हटलं, बोअर मी मारली. ढगाला घाबरून मी मारली. त्यावर त्याने मला खुर्ची दिली.

मी जन्मभर तुमच्या नावाने बोटं मोडत आलो, आणि रोज सकाळी तिला पहिला कप मीच करून देत होतो. हे मला कुणी तरी सांगायला हवं होतं. कुणी तरी म्हणजे तू.

वेन्लाला लगेच पेंत्तीच्या उथळ विहिरीचं पाणी सुरू केलं आहे. तुझे कॅन गाईंना दिले होते. चार महिने, केर्त्तू. पोरांना तू थर्मास दिलेस. पाद्र्याला फोन केलास. माझ्या पोरीच्या पोरीला तेवढं त्या पाण्यावर वाढू दिलंस.

ओइवा

•

सांतलुओतो, ५ ऑक्टोबर १९९८

ओइवा,

तू सभेत होतास हे वाचून मी जिन्यातच बसले.

टेकडीचा दोष नाही, एवढं आधी लिहू दे, कारण ते खरं आहे. ते युरेनियम तुझ्या बोअरआधी कुणाच्या वाटेला गेलं नव्हतं. भोक पाडलं, हवा आत गेली, तेव्हा ते पाण्यात उतरलं. बाबांच्या उथळ विहिरीत ते नव्हतं. ढगाचं पाणी तर एकदोन वर्षांतच निवळून गेलं असतं. ती विहीर उपस. तिचं पाणी मी स्वतः तपासून देते.

कंपनीने तोंड बंद ठेवायला सांगितलं, हे खरं आहे. पण कंपनीला मी जुमानलं नसतं, तू मला ओळखतोस. मे महिन्यात आकडे हाती आले तेव्हा मी तुझा नंबर फिरवला होता. तू उचललास आणि म्हणालास, ‘‘हॅलो, आजोबा बोलतोय!’’ इतका आनंदात होतास. माझ्या मनात हेल्वी आली. तुला हे सांगायचं म्हणजे तिला तुझ्या हातून मारायचं, असं वाटलं. मी ठेवून दिला. मग म्हटलं, बाळाचं पाणी तेवढं बदललं की झालं, बाकी कधीच सांगायला नको. कॅन, खिडक्या, खोली, जे सुचलं ते केलं. तू प्रत्येक वेळी उलटच घेतलंस. पण मी तरी कुठे सरळ बोलले?

सभेत ते का बोलले, ते सांगते. ती बाई घाबरली होती आणि मला तिला शांत करायचं होतं. नाव घेतलं नाही म्हणजे ते तुम्ही नव्हेत, असं काहीसं मला त्या क्षणी वाटलं. लोकांचं हसू ऐकून बरंही वाटलं, हेही लिहिते.

अहवालाची पुस्तिका सोबत पाठवली आहे. त्यात सगळे आकडे आहेत. सगळ्या संतांच्या दिवशी हेल्वीच्या कबरीवर मेणबत्ती लावायला येऊ का? वेन्लाच्या तपासणीचं काही कळलं का? मला झोप नाही.

केर्त्तू

•

ओयालाम्पी, २८ ऑक्टोबर १९९८

केर्त्तू,

पुस्तिका वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चष्मा पुसत पुसत. तुझं शास्त्र बरोबर आहे. तुझे डबे टिकतील, आणि माझ्या बोअरपेक्षा तुझं भुयार लेकरांना कमी घातक आहे, हेही मी आता मान्य करतो. सभेत विचारायचा प्रश्न चुलीत टाकला. जिंकलीस तू. खरंच म्हणतो.

बाबांची विहीर उपसतो आहे. मीच टाकलेले दगड मीच काढतो आहे. पेंत्ती वरून दोर ओढतो.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मात्र अडकलो. तिथे लिहिलं आहे की दहा हजार वर्षांनी आपली भाषा कुणाला कळणार नाही, मग इथे खणू नका हे त्या माणसांना सांगायचं कसं, यावर देशोदेशीचे विद्वान डोकं शिणवताहेत. कुणी म्हणतो दगडावर रडके चेहरे कोरा, कुणी म्हणतो काटेरी खांब उभे करा, कुणी म्हणतो नव्या दंतकथाच रचा. जी माणसं जन्मली नाहीत, त्यांच्यासाठी केवढी ही कळकळ! मी ते पान रीत्ताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, आत्याला तर आपली भाषा येते.

मेणबत्ती लावायला ये. कबरस्तान सगळ्यांचं आहे. तिथून परस्पर बसने परत जा, घरी येऊ नकोस. रीत्ताची तयारी नाही आणि माझीही नाही.

वेन्लाच्या तपासणीचा निकाल आज सकाळी आला. मूत्रपिंडात सध्या काही दिसत नाही. पुढे दर वर्षी दाखवावं लागेल, मोठी होईपर्यंत. पोस्टाची गाडी थोड्याच वेळात निघेल, म्हणून हे अक्षर असं गिचमिड आलं आहे. तू काळजीत असशील, म्हणून आजच्या आज कळवतो आहे.

ओइवा